तळटीप : सिराक्यूजच्या खाणी

७. सिसिलीतील सिराक्यूज ही कोरिंथच्या ग्रीकांची वसाहत. तिच्या चुनखडीच्या खाणींतून शहराला बांधकामाचा दगड मिळाला. इ.स.पू. ४१३मध्ये अथेन्सची स्वारी फसली, तेव्हा सुमारे ७,००० कैदी याच खाणींत उघड्यावर कोंडले गेले. ग्रीक इतिहासकार थुसिडिडीस सांगतो : माणशी रोज जेमतेम पाव लिटर पाणी, अर्धा लिटर धान्य, दिवसा ऊन आणि रात्री गारठा. हा मजकूर वाचताना आजही जीव कासावीस होतो.

या स्वारीत अथेनियनांनी शहराच्या माथ्यावरचे एपिपोलीचे पठार काबीज केले होते. तो धडा विसरणे शक्य नव्हते. पुढे सिराक्यूजचा हुकूमशहा डायोनिसियस याने अख्खे पठारच तटबंदीत घेतले. उत्तरेकडचा सुमारे साडेपाच किलोमीटरचा तट ६०,००० शेतकऱ्यांनी आणि ६,००० बैलजोड्यांनी २० दिवसांत उभा केला, असे इतिहासकार डायोडोरस लिहितो. आकडे फुगवलेले असतील. तरी एवढी माणसे शेतातून ओढली गेली, हे मला तटाच्या लांबीहून महत्त्वाचे वाटते. शहराचा सर्वांत जुना भाग म्हणजे ऑर्टिजिया बेट. तिथली घरे डायोनिसियसने आपल्या मित्रांना आणि भाडोत्री सैनिकांना वाटून टाकली. (संपा.)