‘होलोकॉस्ट’ : होमापासून हत्याकांडापर्यंत

इंग्रजी भाषेंत जळण्याचा अर्थ सांगणारे शब्द पुष्कळ आहेत. परंतु ‘होलोकॉस्ट’ या शब्दाइतकें दारुण स्थित्यंतर त्यांपैकीं क्वचितच एखाद्याच्या वांट्यास आलें असेल. उच्चारसाम्यामुळें आपल्या ‘होळी’शीं त्याचें नातें जोडण्याचा मोह मराठी श्रोत्यास होईल, पण तें नातें खरें नव्हे. शब्द मूळचा ग्रीक. ‘होलोस’ म्हणजे संपूर्ण आणि ‘कौस्तोस’ म्हणजे जळलेला. सर्वस्वीं अग्नीच्या स्वाधीन केलेला बलि, हा त्याचा मूळ अर्थ.

असा बलि यहुदी धर्मशास्त्रांत सांगितला आहे. निर्दोष नर पशु वेदीवर आणावा, कातडें तेवढें याजकास द्यावें आणि बाकीचा सर्व पशु जाळावा, असा विधि आहे. इतर बहुतेक बलींचें मांस याजक किंवा यजमान यांच्या मुखीं जाई. याचें मात्र कोणीं खावयाचें नसे. हिब्रू भाषेंत यास ‘ओला’, म्हणजे वर जाणारें, असें नांव आहे. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रिया येथें या ग्रंथांचें ग्रीक भाषांतर होऊं लागलें, तेव्हां ‘ओला’साठीं याच ग्रीक शब्दाचीं रूपें योजण्यांत आलीं. पुढें इ. स. ४०० च्या सुमारास संत जेरोम यानें तो लॅटिन भाषांतरांत घेतला आणि तेराव्या शतकांत तो इंग्रजींत उतरला.

लाक्षणिक अर्थाचा आरंभ मात्र त्यापूर्वींच झाला होता. ३ सप्टेंबर ११८९ रोजीं इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड याच्या राज्याभिषेकाच्या दिवशीं लंडनमध्यें यहुदी लोकांची कत्तल झाली. डिव्हायझेसचा रिचर्ड नामक एका संन्याशानें आपल्या लॅटिन बखरींत त्या कत्तलीस ‘होलोकौस्तुम’ म्हटलें, आणि तेंही उपहासानें! ज्यांच्या वेदीवरून हा शब्द आला, त्यांच्याच रक्तास तो साडेसातशें वर्षें आधीं चिकटला होता.

एकोणिसाव्या शतकांत शब्दाची पवित्रता ओसरली. नाट्यगृहास किंवा जहाजास आग लागून माणसें मेलीं, कीं वृत्तपत्रें तो सहज वापरीत. १८९५ सालीं तुर्की साम्राज्यांत अर्मेनियन लोकांचा संहार झाला, त्यासही अमेरिकन वृत्तपत्रानें हेंच नांव दिलें. दुसऱ्या महायुद्धानंतर अणुयुद्धाच्या भीतीनेंही त्याचाच आश्रय केला.

त्याच महायुद्धांत हिटलरच्या राजवटीनें सुमारें साठ लाख यहुद्यांचा वध केला. कित्येकांस खड्ड्यांच्या कांठीं उभें करून गोळ्या घातल्या, कित्येक उपासमारीनें मेले, आणि ऑशविट्झसारख्या छावण्यांत विषारी वायूनें मारलेल्यांचीं प्रेतें भट्ट्यांत जाळण्यांत आलीं. १४ मे १९४८ रोजीं इस्राएलची स्थापना झाली. त्या वेळच्या घोषणापत्रांत या संहारास हिब्रू ‘शोआ’ शब्द आहे. इंग्रजी भाषांतरांत ‘होलोकॉस्ट’ हाही शब्द आला. १९६१ सालचा आइखमनवरील खटला आणि १९७८ सालची अमेरिकन दूरचित्रवाणीवरील मालिका यांनीं तो घरोघरीं पोहोंचविला. २००५ सालीं संयुक्त राष्ट्रसंघानें ऑशविट्झच्या मुक्ततेचा दिवस, २७ जानेवारी, या नांवानें स्मृतिदिन ठरविला.

तरीही अनेक विचारवंतांस हा शब्द मान्य नाहीं. त्यांचा आक्षेप मराठी माणसास समजण्यास कठीण नाहीं. ‘देशासाठीं प्राणांची आहुति दिली’ असें आपण म्हणतों, तेव्हां देणाऱ्याची इच्छा आणि घेणारें दैवत, दोन्हीं गृहीत धरलेलीं असतात. ऑशविट्झच्या भट्टींत कोणीं कोणास काय अर्पण केलें? आईच्या हातून ओढलेलें मूल हें हविर्द्रव्य नव्हे, आणि मारेकरी हा याजक नव्हे. म्हणून कित्येकजण केवळ ‘अरिष्ट’ किंवा ‘विनाश’ असा अर्थ असलेला ‘शोआ’ हाच शब्द पसंत करतात. क्लोद लांझमान यानें १९८५ सालीं नऊ तासांहून मोठा चित्रपट काढला, त्यास त्यानें हेंच नांव दिलें.

रूढीपुढें व्युत्पत्तीचें चालत नाहीं, आणि ‘होलोकॉस्ट’ आतां इंग्रजींतून जाणें नाहीं. पण मराठींत त्याचा अर्थ सांगतांना ‘होम’ वा ‘आहुति’ असे शब्द योजूं नयेत. त्या संहारास ‘हत्याकांड’ म्हणणें हेंच मृतांशीं प्रामाणिक होय.