अवतारप्रयोजन आणि ‘लीळाचरित्रा’चे गद्य

‘लीळाचरित्रा’च्या वाचनाला मराठी वाङ्मयेतिहासात एक ठरावीक वळण पडले आहे. त्यातील बोलीचा जिवंतपणा, यादवकालीन समाजजीवनाचे तपशील आणि व्यक्तिरेखाटनातील नेमकेपणा यांची वाखाणणी होते. चक्रधर हे परमेश्वराचे अवतार होत, ही ग्रंथाची मूळ प्रतिज्ञा मात्र सांप्रदायिक श्रद्धा म्हणून बाजूला ठेवली जाते. या विभागणीत ग्रंथाच्या घडणीचा प्रश्नच निसटतो. ईश्वर मानवी देह का धारण करतो, या प्रश्नाला महानुभावांनी दिलेल्या उत्तरातूनच या गद्याची गरज निर्माण झाली आहे.

या प्रश्नाचे सर्वपरिचित उत्तर गीतेच्या चौथ्या अध्यायात आहे. धर्माला येणारी ग्लानी हे अवताराचे निमित्त. साधूंचे रक्षण, दुष्टांचा विनाश आणि धर्माची स्थापना ही त्याची प्रयोजने. या उत्तरातच एक कथनरूप दडलेले आहे. त्याला प्रतिनायक लागतो आणि कथेचा उत्कर्षबिंदू वधाचा असतो. हिरण्यकशिपूवाचून नृसिंह नाही, रावणावाचून रामकथा नाही. परंतु त्याच अध्यायाचा नववा श्लोक वेगळी दिशा दाखवतो : ईश्वराचे दिव्य जन्म आणि कर्म जो तत्त्वतः जाणतो, तो पुनर्जन्मातून सुटतो. म्हणजे अवताराचे चरित्र जाणणे हेच मुक्तीचे साधन ठरते. भागवताच्या पहिल्या स्कंधातील कुंतीस्तुतीत कृष्णजन्माच्या कारणांविषयीची अनेक मते एकापाठोपाठ येतात. त्यांत असुरवध आणि भूभारहरण आहेच. पण क्लेशात सापडलेल्या जीवांना ऐकता आणि आठवता यावीत अशी कर्मे करण्यासाठी तो जन्मला, असेही एक मत नोंदवलेले आहे. येथे अवतार आणि कथन यांचा संबंध उलटा होतो. कथा अवताराची नोंद म्हणून मागाहून येत नाही. कथेसाठीच अवतार घडतो.

मराठीत हा पालट ठळक होत गेला. शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये पूर्ण झालेल्या ‘ज्ञानेश्वरी’त याच श्लोकांवरील विवरणात अविवेकाचा निरास आणि विवेकाचा प्रकाश यांना महत्त्व मिळते, ग्रंथाच्या अखेरीच्या पसायदानात मागणी आहे ती दुष्टांच्या नाशाची नसून त्यांच्यातील वक्रता जाण्याची. महानुभाव तत्त्वज्ञानाने याच्याही पुढे जाऊन प्रयोजनाची मांडणीच बदलली. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी व परस्परभिन्न आहेत. देवता जीवाला आपापल्या मर्यादेतील फळे देतात; मोक्ष केवळ परमेश्वरच देऊ शकतो. पण तो निराकार, जीवाच्या इंद्रियांना अगोचर. म्हणून तो मनुष्यवेषाने जीवाच्या सान्निध्यात येतो. या उपपत्तीत असुराची आवश्यकता उरत नाही. अवताराचे कार्य त्याच्या सान्निध्यातच घडते.

याचा वाङ्मयीन परिणाम दूरगामी आहे. सान्निध्य हेच प्रयोजन असेल, तर अवताराच्या जीवनातील महत्त्वाचे आणि क्षुल्लक असा भेद करता येत नाही. त्याचे चालणे, बसणे, भोजन, विनोद, रागावणे, ही प्रत्येक कृती लीळाच ठरते. अवतार दृष्टीआड झाल्यावर नाम, रूप, लीळा आणि चेष्टा यांचे स्मरण हीच साधना उरते. आणि स्मरणाला तपशील लागतो. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली, ज्यांनी लीळा पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडून त्या गोळा केल्या, पाठभेदही टिपून ठेवले. स्वामींचे शब्द हेच प्रमाण असल्याने छंदासाठी त्यांत भर घालणे किंवा काटछाट करणे गैर ठरले असते. पुढे केशोबासांनी ‘सूत्रपाठ’ रचला तो याच वचनांतून. भाषेचा प्रश्नही येथेच सुटतो. केशोबासांना संस्कृत रचनेपासून परावृत्त करताना नागदेवाचार्यांनी जे कारण दिल्याचे ‘स्मृतिस्थळ’ सांगते, ते स्वामींचा सामान्य परिवार वंचित होईल हे होते. जो सर्वांना भेटण्यासाठी आला, त्याचे स्मरण मोजक्यांच्या भाषेत बंदिस्त करणे त्याच्या येण्याशीच विसंगत ठरले असते.

यावर एक आक्षेप संभवतो. नरेंद्राचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ आणि भास्करभट्ट बोरीकरांचे ‘शिशुपाळवध’ ही अलंकृत काव्येही याच पंथातील आहेत. परंतु कृष्णलीळा पुराणांतून आल्या होत्या. त्यांचा साक्षीदार कवीच्या परिचयाचा नव्हता, म्हणून कल्पनेला तेथे वाव होता. तो वावही निर्वेध नव्हता. ‘शिशुपाळवध’ शृंगारप्रधान असल्याने निवृत्तांना योग्य नाही, असा आक्षेप पंथातूनच घेतला गेला आणि त्यानंतर भास्करभट्टांनी भागवताच्या एकादश स्कंधावर ‘उद्धवगीता’ लिहिली, असे परंपरा सांगते. काव्य आणि स्मरण यांच्यातील ताण पंथाला जाणवत होता, एवढे यावरून निश्चित होते.

अर्थात ‘लीळाचरित्र’ म्हणजे घडलेल्या गोष्टींचे निखळ इतिवृत्त नव्हे. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली आणि अनुयायांनी ती आठवणींतून पुन्हा उभी केली, असे परंपरा मानते. आज उपलब्ध असलेले पाठ एकसारखे नाहीत. त्यामुळे या ग्रंथाला वास्तववादी म्हणताना सावध राहावे लागते. आधुनिक वास्तववादात लौकिक जग स्वतःच्याच महत्त्वाने चित्रित होते. येथे एखादे देऊळ, झाड किंवा ओसरी नोंदवली जाते ती परमेश्वराचा तिला संबंध झाला म्हणून. मराठी गद्याला सामान्य माणसाचे बोलणे आणि रोजचे जगणे इतक्या आरंभीच लाभले, त्यामागे लौकिकाकडे वळलेली दृष्टी नव्हती. परमेश्वर लौकिकात येऊन वावरून गेला, हा विश्वास होता. तो वजा करून उरणारा तपशील समाजेतिहासाला उपयोगी पडेल; तो तपशील कुणी आणि का जपला, याचे उत्तर मात्र त्यातून मिळणार नाही.