न्यूयॉर्कमधील व्यापारी कचरा व दरनियमन

दुकाने-उपाहारगृहांचा कचरा उचलण्याचे काम न्यूयॉर्क महानगरपालिकेने १९५७ मध्ये सोडले व ते परवानाधारक खासगी वाहतूकदारांकडे गेले. नगरशासनाने कमाल दर बांधून दिला. व्यवहारात मात्र तोच किमान ठरला. दोष दरपत्रकाचा नव्हे. गुन्हेगारी टोळ्यांच्या छत्राखालील वाहतूकदार-संघ गिऱ्हाइकास मालमत्ताच मानीत. त्यांच्या बोलीत गिऱ्हाईक म्हणजे ‘थांबा’. थांबे विकले जात, आणि दुसऱ्याचा थांबा घेणाऱ्यास भरपाई द्यावी लागे. निवडच नसलेल्या गिऱ्हाइकास दरमर्यादेचा उपयोग तो काय? १९९६ च्या कायद्याने आयोग नेमून वाहतूकदारांच्या पूर्ववृत्ताची चौकशी आरंभली, करारांची मुदत दोन वर्षांवर आणली, दर उतरले. पुढे २०१९ च्या कायद्याने मात्र नगराचे २० विभाग पाडून प्रत्येकी जास्तीत जास्त तीनच वाहतूकदार ठेवण्याचे ठरविले.