मोठेपणी दातांना पारदर्शक अलाइनर लावायचे का? उंद्रीसारख्या गावातून ठरवताना काय तपासायचं?

रील पाहता पाहता मध्येच जाहिरात येते. तारा नाहीत, कुणाला कळणार नाही, काही महिन्यांत दात सरळ. खाली मोफत स्कॅनचं बटण असतं. बुलढाणा जिल्ह्यात चिखली-खामगाव रस्त्यावरच्या उंद्रीत बसलेल्या तिशीतल्या माणसालाही ही जाहिरात दिसते आणि पुण्यातल्या माणसालाही. फरक पुढे पडतो. पुण्यातही एक उंद्री आहे, त्यामुळे मोबाइलवर गावाचं नाव टाकून दवाखाना शोधला तर तिथलेच पत्ते समोर येऊ शकतात. उपचार मात्र वर्ष-दीड वर्षाचा असतो आणि अडचण आली तर डॉक्टर जवळ हवा.

मग हा खर्च करावा का? आधी अलाइनर नेमकं काय करतात ते पाहू.

अलाइनर म्हणजे काय?

दातांवर घट्ट बसणारा, पातळ पारदर्शक प्लास्टिकचा साचा. दातांचं स्कॅन करून संगणकावर एकेका टप्प्याची आखणी होते आणि त्यानुसार साच्यांची मालिका तयार होते. एक साचा दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवतो. एक ते दोन आठवड्यांनी पुढचा साचा लावायचा.

सततच्या हलक्या दाबामुळे दाताच्या एका बाजूचं हाड विरघळतं आणि दुसऱ्या बाजूला नवं तयार होतं. ही प्रक्रिया मोठेपणीही चालू असते. त्यामुळे 'आता वय झालं, दात हलणार नाहीत' हा समज चुकीचा आहे. वाढ थांबते ती जबड्याची. म्हणून जबडाच पुढे किंवा मागे असेल, तर मोठ्या माणसात फक्त अलाइनरने तो दोष जात नाही. काही वेळा शस्त्रक्रिया लागते.

अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी 1997 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली. तिचे एक संस्थापक झिया चिश्ती यांनी स्वतः मोठेपणी तारा लावून घेतल्या होत्या. 1998 मध्ये कंपनीच्या 'इनव्हिजलाइन'ला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मंजुरी मिळाली. आता भारतासह अनेक देशांत वेगवेगळ्या कंपन्या अलाइनर बनवतात.

कुणाला उपयोग होतो, कुणाला नाही?

दातांमधल्या फटी, पुढच्या दातांची थोडी दाटी, लहानपणी तारा लावूनही पुन्हा वाकडे झालेले दात, अशा हलक्या ते मध्यम तक्रारींत अलाइनर चांगलं काम करतात. दात खूप फिरलेले असतील, वर-खाली बरंच सरकवायचे असतील किंवा दात काढून जागा करायची असेल, तर तारा अनेकदा जास्त भरवशाच्या ठरतात.

तीन गोष्टी जाहिरातीत सहसा ठळक नसतात.

एक, काही दातांवर दाताच्याच रंगाचे छोटे उंचवटे चिकटवावे लागतात. जागा करण्यासाठी दोन दातांच्या मधला भाग किंचित घासावाही लागतो. घासलेला भाग पुन्हा येत नाही.

दोन, इम्प्लांट हाडाला पक्का जुळलेला असल्यामुळे तो हलत नाही. ब्रिज असेल तर आखणी बदलते.

तीन, अलाइनरने दात सरळ होतात, पांढरे होत नाहीत. तंबाखूचे किंवा पाण्यातल्या फ्लोराइडमुळे पडलेले डाग तसेच राहतात.

आधी हिरड्या का तपासायच्या?

मोठ्या माणसात हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. हिरड्यांचा आजार असेल, दाताभोवतीचं हाड झिजलेलं असेल आणि तशातच दात सरकवले, तर ते आणखी सैल होऊ शकतात. तंबाखू, गुटखा किंवा सिगारेटची सवय आणि ताब्यात नसलेला मधुमेह यामुळे हा धोका वाढतो. पुढच्या दातांत अलीकडेच फट पडू लागली असेल, तर तेही हिरड्यांच्या आजाराचं लक्षण असू शकतं. अशा वेळी फट बुजवण्याआधी ती का पडली हे शोधायला हवं.

म्हणून एक्स-रे, हिरड्यांची तपासणी आणि किडलेल्या दातांवर उपचार हे आधी. फक्त घरी येऊन केलेल्या स्कॅनमध्ये हाड दिसत नाही.

दिवसाचे 22 तास म्हणजे किती?

अलाइनर रोज 20 ते 22 तास तोंडात असावे लागतात. खाताना आणि पाणी सोडून काहीही पिताना ते काढायचे. गरम चहाने प्लास्टिकचा आकार बिघडू शकतो, साखर आत अडकली तर दात किडतात.

आता हिशोब करू. दोन जेवणं अर्ध्या-अर्ध्या तासाची, नाश्ता 15 मिनिटं आणि चार वेळचा चहा 10-10 मिनिटांचा. झाले 1 तास 55 मिनिटं. म्हणजे 22 तासांचं गणित जेमतेम बसतं. शिवाय प्रत्येक वेळी चूळ भरून किंवा ब्रश करूनच अलाइनर परत लावायचे. स्टँडवर, शेतात किंवा लग्नाच्या पंगतीत ते रुमालात गुंडाळून ठेवले की हरवतात, डबी सोबत हवीच.

ज्याला हे जमणार नाही, त्याच्यासाठी तारा बऱ्या. त्या काढताच येत नाहीत, हाच त्यांचा फायदा.

खर्च आणि हप्ते

भारतात अलाइनरचा खर्च साधारण 50 हजारांपासून काही लाखांपर्यंत जातो. धातूच्या तारा सहसा त्याहून बऱ्याच स्वस्त पडतात. दिसण्यासाठी केलेले दंतोपचार आरोग्य विम्यात बहुधा बसत नाहीत. सांगितलेल्या रकमेत एक्स-रे, आधीचे उपचार, शेवटी लागणारे जास्तीचे साचे आणि रिटेनर धरलेत का, हे लेखी घ्यावं.

हप्त्यांवर घेताना अनेकदा कर्ज वेगळी वित्तसंस्था देते. उपचार अर्धवट राहिला तरी हप्ते आपोआप थांबत नाहीत. अमेरिकेतल्या 'स्माइलडायरेक्टक्लब'चं उदाहरण ताजं आहे. घरपोच अलाइनर देणारी ही कंपनी डिसेंबर 2023 मध्ये बंद पडली. ग्राहकांचे उपचार मध्येच थांबले, पण हप्ते भरत राहा, असं त्यांना सांगण्यात आलं.

उंद्रीतून डॉक्टर कसा निवडायचा?

बीडीएस झालेले दंतवैद्यही अलाइनर देतात. पण दात सरकवण्याच्या शास्त्रात खास शिक्षण घेतलेले डॉक्टर म्हणजे ऑर्थोडॉन्टिक्समधले एमडीएस. ते रोज दवाखान्यात असतात की महिन्यातून ठरावीक दिवशी येतात, हे चिखली, खामगाव किंवा बुलढाण्यात चौकशी करताना विचारावं. उपचार कोण आखणार आणि अडचण आली तर कोण पाहणार, याचं उत्तर एका नावानिशी मिळायला हवं.

खर्च परवडत नसेल तर नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं हा पर्याय आहे. तिथे कमी शुल्कात तारांचे उपचार होतात. फेऱ्यांचा वेळ आणि एसटीचं भाडं मात्र हिशोबात धरावं.

फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कंपनी मुंबईची असली तरी उंद्रीच्या ग्राहकाला बुलढाण्यात दाद मागता येते. त्यासाठी पावत्या, करार आणि चॅट जपून ठेवावेत.

नाही लावले तर?

दात थोडे वाकडे असणं हा आजार नाही. ते नीट घासता येत असतील, चावताना त्रास नसेल आणि दातांची झीज होत नसेल, तर काहीच न करणं हाही योग्य निर्णय आहे. लग्न चार महिन्यांवर आहे म्हणून घाईत सुरू केलं, तर बहुतेकदा उपचार तोवर संपत नाही.

आणि लावायचे ठरवले, तर शेवटचा साचा म्हणजे शेवट नव्हे. दात जुन्या जागी परतू पाहतात. त्यामुळे नंतर रिटेनर लावावा लागतो, सुरुवातीला जास्त वेळ आणि पुढे रात्री, तोही वर्षानुवर्षं. पैसे भरण्याआधी स्वतःला विचारायचा प्रश्न हाच: ही रोजची शिस्त आपल्याला जमेल का?