समुद्रशेवाळ आणि गुलाबपाणी

श्रोतेहो, चैत्रांतील हळदीकुंकवाची आठवण ज्यांच्या मनांत आहे, त्यांना गिरगांवांतील चाळीचा तो दिवस निराळा वर्णन करून सांगावयास नको. आरास मांडून बसविलेली गौर, दाराशीं रांगोळी, वाट्यांत आंब्याची डाळ, पेल्यांत पन्हें, ओटींत भिजवलेले हरभरे आणि येणाऱ्या प्रत्येकीच्या अंगावर गुलाबदाणींतून उडणारे थंड थेंब. आम्हां मुलांचें लक्ष मात्र या सर्वांवरून निसटून कोपऱ्यांतील एका कल्हईच्या परातीकडे जाई. त्या परातींत फिकट गुलाबी, आरपार दिसणारा आणि सुरी लागतांच थरथरणारा असा एक पदार्थ गोठवून ठेवलेला असे. शेजारच्या काकू त्याला नुसतें ‘चायना ग्रास’ म्हणत. हळदीकुंकवासाठीं आणलेल्या गुलाबपाण्याच्या बाटलींतलें चार चमचे पाणी त्या आधींच या परातीसाठीं काढून ठेवीत. घरांत बर्फ नसे, बर्फाची पेटीहि नसे. बाहेर उन्हानें जीव कासावीस होत असे. तरीहि त्या वड्या संध्याकाळपर्यंत ताटांत ताठ उभ्या राहात.

त्या वड्या कशा उभ्या राहात, हा प्रश्न तेव्हां आम्हांला पडला नाहीं. आज तोच प्रश्न आपणांपुढें ठेवावयाचा आहे. कारण त्याचें उत्तर शोधीत गेलें असतां माणूस गिरगांवांतील स्वयंपाकघरांतून निघून जपानच्या डोंगरांत, तेथून जर्मनींतील एका प्रयोगशाळेंत आणि अखेर पुन्हां आपल्याच परळास येऊन पोंचतो.

प्रथम ‘जेली’ या शब्दाकडे पाहूं. शब्द इंग्रजी, आणि तो आला साहेबाच्या जेवणाच्या टेबलावरून. साहेबाची जेली जिलेटिनची. आणि जिलेटिन म्हणजे जनावरांचीं हाडें व कातडीं उकळून काढलेला चिकट पदार्थ. शाकाहारी घरांत त्याला प्रवेश मिळणें अशक्य होतें, आणि मांसाहारी घरांतहि तो कोणत्या जनावराचा, ही शंका राहावयाचीच. परंतु ही शंका क्षणभर बाजूस ठेवली तरी दुसरी अडचण हवेची होती. जिलेटिनची जेली थंडाव्यांत गोठते, व उष्णता तीस-पस्तीस अंशांच्या घरांत गेली कीं पाघळूं लागते. मुंबईच्या चैत्रवैशाखांत तिला बर्फाचाच आधार पाहिजे. १८३४ सालीं अमेरिकेहून जहाजांतून मुंबईस बर्फ येऊं लागला, आणि तो साठविण्यासाठीं कोटांत खास कोठार बांधण्यांत आलें. हजारों मैलांवरून आलेला तो बर्फ अर्थातच श्रीमंतांच्या मेजवान्यांसाठीं होता. ज्याच्या घरीं बर्फ नाहीं, त्याच्या घरीं जिलेटिनची जेली नाहीं, असा हा हिशेब होता.

चायना ग्रासनें या दोन्ही अडचणी एकदम दूर केल्या. नांवांत ‘ग्रास’ असलें तरी तें गवत नव्हे, आणि नांवांत ‘चायना’ असलें तरी त्याची कृति प्रथम सिद्ध झाली ती जपानांत. शास्त्रीय ग्रंथांत त्याला ‘आगर’ म्हणतात. हा शब्द मलायी भाषेंतला. समुद्रांतील खडकांवर वाढणाऱ्या तांबूस शेवाळाच्या कांहीं जाती पाण्यांत उकळल्या म्हणजे त्यांतून एक चिकट रस सुटतो व तो निवतांच गोठतो. हें जपानी लोकांस पुष्कळ पूर्वींपासून ठाऊक होतें. परंतु तो रस वाळवून टिकवावा कसा, याचें गमक हातीं आल्याची एक गोष्ट तेथें सांगतात. १६५८ च्या सुमारास मिनोया तारोझाएमोन नांवाच्या खानावळवाल्यानें जेवणांतून उरलेली शेवाळाची जेली हिंवाळ्याच्या रात्रीं बाहेर टाकून दिली. ती रात्रीं गोठली, दिवसा उन्हानें तिच्यांतलें पाणी झरून गेलें, आणि कांहीं दिवसांनीं तेथें एक हलका, कोरडा, पांढरा पदार्थ उरला. तो पुन्हां उकळला तों पूर्वींसारखीच जेली तयार! गोष्टीचा तपशील कसाहि असो, कृति मात्र खरी आहे. रात्रीं गोठवावयाचें आणि दिवसा वाळवावयाचें, याच रीतीनें जपानच्या थंड डोंगराळ प्रदेशांत आगराच्या काड्या पिढ्यान् पिढ्या तयार होत आल्या आहेत. वाळलेली काडी वजनाला हलकी, वर्षानुवर्षें न नासणारी. त्यामुळें व्यापाऱ्यांच्या जहाजांतून ती दूरदूरच्या बंदरांस पोंचली. मुंबईंतल्या किराणा दुकानांतून ती कागदांत गुंडाळलेली मिळूं लागली आणि गृहिणींनीं तिला आपलें म्हटलें.

आतां काकूंची कृति सांगतों. कारण वर म्हटलेलें सर्व रहस्य तिच्यांतच आहे. १० ग्रॅम काड्या कात्रीनें बारीक कापून अर्धा तास थंड पाण्यांत भिजवाव्या. गांवठी गुलाबाच्या दहाबारा फुलांच्या पाकळ्या धुऊन कपभर कढत पाण्यांत झांकून ठेवाव्या. हाराच्या फुलांवर औषधें मारलेलीं असतात, तीं या कामीं घेऊं नयेत. गुलाब घरच्या कुंडींतला असल्यास उत्तम. भिजलेल्या काड्या अर्धा लिटर पाण्यांत घालून मंद विस्तवावर ढवळीत राहावें. हें पाणी चांगलें उकळलेंच पाहिजे, कारण आगर सुमारें ८५ अंशांखालीं विरघळतच नाहीं. पळींत एकहि तंतु दिसेनासा झाला म्हणजे दीडशें ग्रॅम साखर घालावी, फडक्यांतून गाळावें, आणि पाकळ्यांचें पाणीहि गाळून त्यांत मिसळावें. या वेळीं रंग मळकट दिसतो. भिऊं नये. भांडें खालीं उतरवून अर्ध्या लिंबाचा रस पिळला कीं तोच रंग उजळून गुलाबी होतो, कारण फुलांतील रंगद्रव्य आंबटाच्या संगतींत तांबडें होतें. लिंबू विस्तवावर असतांना मात्र पिळूं नये. आंबटांत उकळलेल्या आगराची गोठण्याची शक्ति नष्ट होते.

आणि गुलाबपाणी सर्वांत शेवटीं. काकू भांड्याला बाहेरून हात लावून पाहात. चटका बसेनासा झाला, पण ऊब चांगली आहे, असें वाटलें म्हणजे चार चमचे गुलाबपाणी घालून लगेच सर्व परातींत ओतीत. सुवास हा उडून जाणारा. कढतांत घातला तर वाफेबरोबर तो सगळ्या चाळीला मिळेल, परातींत कांहीं राहावयाचा नाहीं. आगराचा मोठा गुण हाच कीं, विरघळण्यास त्याला उकळी लागते, पण एकदां विरघळलें कीं चाळीस अंशांच्या आसपास येईपर्यंत तें पातळच राहतें. या मधल्या अवकाशांत नाजूक सुवास त्यांत सुरक्षित घालतां येतो. पुढें निवतां निवतां तें गोठतें, आणि गोठल्यावर मुंबईच्या कोणत्याहि उन्हाळ्याला दाद देत नाहीं, कारण पुन्हां वितळावयास त्याला पुन्हां ८५ अंश पाहिजेत. बर्फाशिवाय उभ्या राहणाऱ्या वड्यांचें कोडें तें हें.

हेंच कोडें १८८१-८२ च्या सुमारास जर्मनींतील एका डॉक्टरास पडलें होतें. वाल्टर हेसे हे रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेंत हवेंतील जंतूंचा अभ्यास करीत. जंतु वेगवेगळे करून वाढविण्यासाठीं घट्ट व पारदर्शक थर लागे, आणि तो त्या काळीं जिलेटिनचा करीत. उन्हाळा आला कीं थर वितळे व सारे जंतु एकमेकांत मिसळून जात. शरीराच्या ३७ अंश उष्णतेंत वाढणारे जंतु तर त्यावर वाढवितांच येत नसत. शिवाय कांहीं जंतु जिलेटिनच खाऊन टाकीत. हेसे यांच्या पत्नी फॅनी या पतीला प्रयोगांत मदत करीत, त्यांच्यासाठीं चित्रेंहि काढून देत. तुझ्या जेली उन्हाळ्यांत कशा वितळत नाहींत, असें पतीनें त्यांना विचारलें. त्यांनीं उत्तर दिलें तें आगराचें. न्यूयॉर्कमध्यें लहानपणीं जावांत राहून आलेल्या एका डच शेजाऱ्यांकडून त्यांना ही गोष्ट कळली होती. आगराचा थर घालून पाहिला तों तो उबेंतहि घट्ट राहिला आणि जंतूंनाहि तो खातां येईना. कॉख यांनीं १८८२ सालीं क्षयाच्या जंतूंविषयींच्या आपल्या निबंधांत आगराचा उल्लेख केला. हेसे दांपत्याचें नांव मात्र त्यांत आलें नाहीं. पुढें १८८७ सालीं पेट्री यांनीं कांचेची झांकणाची बशी प्रचारांत आणली. त्या बशीला आजहि जगभर त्यांच्या नांवानें ओळखतात. बशींतल्या पदार्थाला कोणी ‘फॅनीची जेली’ म्हणत नाहीं.

आतां परळास येऊं. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. आकासियो गाब्रिएल व्हिएगश या गोमंतकीय वैद्यानें प्लेग ओळखला, आणि थोड्याच महिन्यांत निम्मी मुंबई गांवाकडे पळूं लागली. त्याच वर्षीं वाल्देमार हाफकिन मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील अपुऱ्या जागेंत त्यांनीं लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्याच अंगांत टोंचून घेतली. १८९९ सालीं त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसांत आली. १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट या नांवानें प्रसिद्ध आहे. हाफकिन यांच्या पद्धतींत एक गोष्ट आपल्या विषयाला जवळची आहे. जंतु वाढविण्यासाठीं लागणारा रस त्यांनीं गाईचा वा डुकराचा न घेतां बकऱ्याच्या मांसाचा घेतला, आणि त्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांपासून जंतूंच्या जटा खालीं लोंबत वाढत. या देशांत काय चालेल व काय चालणार नाहीं, याचा विचार गिरगांवच्या गृहिणीप्रमाणें त्या परदेशी शास्त्रज्ञालाहि करावा लागला.

जगांतील इतर जंतुशास्त्रीय प्रयोगशाळांप्रमाणें परळच्या प्रयोगशाळेंतहि आगर आलेंच. तेथें लिटरभर रसाला साधारण १५ ग्रॅम, काकूंच्या परातींत १० ग्रॅमच्या आसपास, फरक एवढाच. प्रयोगशाळेंतला माणूसहि तें प्रथम उकळतो, मग पन्नास अंशांच्या खालीं निवूं देतो, आणि उष्णतेनें बिघडणारें रक्तासारखें द्रव्य त्यांत शेवटीं मिसळतो. गुलाबपाण्याच्या जागीं रक्त घातलें, पण हाताची रीत तीच.

दुसऱ्या महायुद्धांत या काडीची खरी किंमत जगाला कळली. डिसेंबर १९४१ मध्यें जपान युद्धांत उतरलें आणि आगराचा पुरवठा बंद पडला. रुग्णालयांना व लस करणाऱ्यांना तें पुरावें म्हणून कित्येक देशांनीं आपल्या किनाऱ्यांवरचें शेवाळ धुंडाळण्यास सुरुवात केली. हिंदुस्थानांतहि दक्षिणेकडील शेवाळांतून आगर काढण्याचे प्रयत्न त्याच काळांत झाले. आज तामिळनाडूंत मन्नारच्या आखातांत हें शेवाळ खुडलें जातें, आणि त्यासाठीं पाण्यांत बुड्या मारणाऱ्यांत कोळिणींचा भरणा मोठा आहे. आपल्या परातींतल्या वडीची सुरुवात अशी एका बाईच्या रोखलेल्या श्वासांत होते.

श्रोतेहो, शेवटीं एकच गोष्ट सांगावयाची. फॅनी हेसे यांचें नांव निबंधांत आलें नाहीं, तरी त्यांच्या घराण्यानें आठवण जपली म्हणून तें आज आपणांस कळतें. आमच्या काकूंनीं तर आपली कृति कोठेंच लिहून ठेविली नाहीं. भांड्याला हात लावून चाळीस-पन्नास अंश ओळखणारी त्यांची बोटें, लिंबू केव्हां पिळावें याचें त्यांचें ज्ञान, हें सर्व त्यांच्याबरोबर गेलें असतें. माझ्या आईनें त्यांच्या शेजारीं उभें राहून पाहिलें म्हणून तेवढें उरलें. ज्यास आपण ‘बायकांचें रांधणें’ म्हणून एका बाजूला सारतों, त्यांत पाहणें, ताडून घेणें आणि चूक सुधारणें हें सारें असतें. आणि शास्त्र म्हणतात तें याहून फार निराळें नसतें. तेव्हां पुढच्या चैत्रांत आपल्या घरीं परातींत गुलाबाची जेली लागली, तर ती करणारीला तिची कृति विचारा, आणि तिच्या नांवासह लिहून ठेवा.