परीक्षार्थी आणि परीक्षक

मंडळी, मी आयुष्यभर इतिहास शिकवला. अणू कसा फुटतो हे मला विचारू नका, ते आमच्या विज्ञानाच्या सरांचे काम. पण अणुऊर्जेचे कायदे आपल्या देशात कसे झाले, हा इतिहासाचाच विषय आहे. पाठ्यपुस्तकात तो सापडत नाही, म्हणून आज थोडेसे त्याविषयी.

स्वातंत्र्याला वर्षही झाले नव्हते. एप्रिल १९४८ मध्ये पंडित नेहरूंनी अणुऊर्जा विधेयक मांडले. तेव्हा कायदे करण्याचे काम घटना समितीच पाहत असे. एस. व्ही. कृष्णमूर्ती राव या सदस्याने प्रश्न केला की, इंग्लंडात गुप्तता फक्त संरक्षणाच्या संशोधनापुरती आहे, मग आपल्याकडे शांततेच्या कामावरही पडदा कशासाठी? नेहरूंचे उत्तर प्रामाणिक होते. या दोहोंत फरक कसा करायचा हे मला कळत नाही, अशा अर्थाचे ते बोलले. विधेयक मंजूर झाले आणि पडदाही राहिला.

त्याच वर्षी डॉ. होमी भाभांच्या अध्यक्षतेखाली अणुऊर्जा आयोग आला. १९५४ मध्ये वेगळे खाते झाले, तेही थेट पंतप्रधानांच्या हाताखाली. खात्याचे सचिव भाभा आणि आयोगाचे अध्यक्षही भाभाच. लाल फितीतून सुटका झाल्यामुळे कामे झपाट्याने झाली, हे मान्यच करायला हवे. १९५६ मध्ये ट्रॉम्बेला 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली, १९६९ मध्ये तारापूरची वीज आली. मधल्या काळात, १९६२ साली, नवा कायदा झाला. त्याने माहिती रोखून धरण्याचे अधिकार सरकारकडेच ठेवले.

पण तपासणार कोण? आमच्या शाळेत तपासणीला दिपोटी साहेब येत. ते शाळेच्या पगारावर नसत, म्हणून तर सगळे त्यांना वचकून असत. अणुऊर्जेत असा बाहेरचा साहेबच नव्हता. १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले खरे, पण ते सरकारी आदेशाने, आणि अहवाल द्यायचा तो अणुऊर्जा आयोगाला. अणुवीज तयार करणारे महामंडळही त्याच खात्याचे. म्हणजे परीक्षार्थी आणि परीक्षक एकाच घरचे!

याची किंमत काय असते ते ३१ मार्च १९९३ ला उत्तर प्रदेशात नरोऱ्याला दिसले. टर्बाइनचे पाते तुटले, आग लागली, केबली जळाल्या आणि केंद्राची सगळी वीज गेली. कर्मचारी हातात बॅटऱ्या घेऊन अंधारात वर चढले आणि त्यांनी भट्टी शांत ठेवणारे बोरॉनचे द्रावण हाताने सोडले. त्यांच्या धैर्याला माझा नमस्कार. पण त्या पात्यांबद्दल सावधगिरीची सूचना अपघाताच्या आधीच आलेली होती, आणि ती अमलात आली नव्हती. बाहेरचा परीक्षक असता तर त्याने हाच प्रश्न पहिला विचारला असता.

फुकुशिमानंतर, २०११ मध्ये, स्वतंत्र नियामकासाठी विधेयक आले, पण २०१४ मध्ये लोकसभेबरोबर तेही संपले. दरम्यान, मंडळाला कायद्याचे पाठबळ नाही, असे महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये स्पष्ट लिहिले. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' कायदा केला. १९६२ चा कायदा गेला, खासगी कंपन्यांना दार उघडले आणि मंडळाला कायद्याचे स्थान मिळाले.

चांगले झाले. पण कायद्यात नाव आले म्हणजे परीक्षक स्वतंत्र झाला असे नाही. तारापूरच्या शेजारच्या गावात राहणाऱ्या माणसाला तपासणीचा अहवाल मराठीत, समजेल अशा भाषेत वाचायला मिळेल, तेव्हा मी म्हणेन की कृष्णमूर्ती रावांच्या प्रश्नाला उत्तर मिळाले. गुपिते देशाची असतात, ती असावीतही. धोका मात्र शेजाऱ्याचा असतो, आणि तो त्याच्यापासून लपवू नये.

तुमचे मत जरूर कळवा.