कॅसिनोतील डावपेच : रूढ गैरसमज आणि वास्तव

लास व्हेगस वा अटलांटिक सिटीच्या सहलीत कॅसिनोची फेरी ओघानेच येते. ‘पद्धतशीर खेळणारा हरत नाही’ हा समज अशा वेळी अनेकांच्या मनात असतो आणि ज्यांना आपल्या गणितावर भरवसा आहे, अशा सुशिक्षितांनाच तो अधिक मोहात पाडतो. प्रत्यक्षात तेच गणित या समजाच्या विरोधात साक्ष देते.

कॅसिनोचा वाटा

अमेरिकी रूलेटच्या चक्रावर ३८ खण असतात : १८ लाल, १८ काळे आणि शून्य व दुहेरी शून्य हे दोन हिरवे. एका आकड्यावर लावलेला १ डॉलर जिंकल्यास ३५ डॉलर मिळतात. न्याय्य मोबदला ३७ डॉलर असायला हवा होता. या फरकातून लावलेल्या दर १०० डॉलरमागे सरासरी ५.२६ डॉलर कॅसिनोकडे राहतात. एकच शून्य असलेल्या युरोपीय चक्रावर हे प्रमाण २.७० टक्के असते.

ही टक्केवारी खिशातील रकमेवर नव्हे, तर डावांवर लावलेल्या एकूण रकमेवर लागू होते. तासाला ४० डाव आणि प्रत्येक डावाला १० डॉलर धरले, तर चार तासांत १,६०० डॉलर लावले जातात आणि सरासरी तोटा ८४ डॉलरच्या घरात जातो.

‘आता लाल येणारच’

१८ ऑगस्ट १९१३ रोजी मोंटे कार्लोच्या कॅसिनोत काळा रंग सलग २६ वेळा आला. आता लाल येणे अटळ आहे, असे मानून खेळाडू लालवर रकमा वाढवीत गेले आणि त्यांनी अमाप पैसा गमावला. चक्राला स्मरणशक्ती नसते. प्रत्येक डाव मागील डावांपासून स्वतंत्र असतो. स्लॉट यंत्रांचेही तसेच. त्यांतील निकाल यादृच्छिक संख्यांवर ठरतो, त्यामुळे बराच वेळ न ‘दिलेले’ यंत्र आता देईल, या आशेला आधार नाही.

रक्कम दुप्पट करण्याची पद्धत

हरल्यावर रक्कम दुप्पट करायची, म्हणजे एका विजयात सारे वसूल होते, असा ‘मार्टिंगेल’ पद्धतीचा दावा आहे. १० डॉलरपासून आरंभ करून सलग सात डाव हरल्यास १,२७० डॉलर जातात. आठव्या डावाला १,२८० डॉलर लागतात, आणि टेबलाची कमाल मर्यादा १,००० डॉलर असेल तर खेळ तेथेच संपतो. लाल-काळ्यावर सलग सात पराभवांची शक्यता सुमारे ८९ मध्ये एक आहे. ही पद्धत कॅसिनोचा वाटा कमी करीत नाही. अनेक लहान विजयांच्या मोबदल्यात एक मोठा पराभव पदरी घालते.

कौशल्याला वाव कोठे?

ब्लॅकजॅकमध्ये निर्णयाला महत्त्व आहे. नियम अनुकूल असतील आणि प्रमाणित ‘मूलभूत डावनीती’ काटेकोर पाळली, तर कॅसिनोचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो. मात्र टेबलावरील मोबदला आधी पाहावा. १० डॉलरच्या ब्लॅकजॅकला १५ ऐवजी १२ डॉलर मिळत असतील, तर कॅसिनोचा वाटा सुमारे १.४ टक्क्यांनी वाढतो. गणितज्ञ एडवर्ड थॉर्प यांनी १९६२ मध्ये पत्ते मोजण्याचे तंत्र ग्रंथरूपाने मांडले. नेवाडात मनातल्या मनात पत्ते मोजणे गुन्हा नाही. परंतु अशा खेळाडूला खेळू न देण्याचा अधिकार कॅसिनोला आहे.

समंजस खेळ

- जाणार असे गृहीत धरूनच रक्कम आधी ठरवावी. ती नाटकाच्या तिकिटासारखी मानावी.
- वेळेची मर्यादा ठरवावी. क्रेडिट कार्डे खोलीवर ठेवावीत.
- गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी रक्कम कधीही वाढवू नये.
- जिंकलेली रक्कम अमेरिकेत करपात्र उत्पन्न आहे, हे लक्षात ठेवावे.

तोटा घरच्यांपासून लपवावासा वाटणे किंवा खेळण्यासाठी उसने घेणे ही धोक्याची लक्षणे होत. अनेक राज्यांत स्वतःहून कॅसिनो-प्रवेशबंदी मागण्याची सोय आहे, आणि १९५७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये स्थापन झालेल्या ‘गॅम्ब्लर्स अ‍ॅनॉनिमस’च्या सभा जुगार सोडू इच्छिणाऱ्या सर्वांना खुल्या आहेत. परदेशात, आप्तांपासून दूर राहणाऱ्याने ही मदत मागण्यात संकोच करू नये.